पोस्टग्रेसची सेटिंग बदलली. आता ती लागू कधी होणार?

डेटाबेस नव्याने हाताळायला घेतलेल्या माणसाचं गाडं बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडतं. पोस्टग्रेस (पूर्ण नाव पोस्टग्रेसक्यूएल) या डेटाबेसची पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फ ही सेटिंग्जची फाइल उघडली, एक ओळ बदलली, सेव्ह केली आणि काहीच झालं नाही. शेजारचा सांगतो, ‘रीस्टार्ट मार, होईल.’ भर दुपारी रीस्टार्ट होतो, चालू असलेली सगळी कनेक्शनं तुटतात, काउंटरवर बसलेल्यांच्या अर्धवट नोंदी रद्द होतात. त्या सेटिंगला रीस्टार्टची गरजच नव्हती, हे मागाहून कळतं. उलटंही घडतं. रीलोड केला, म्हणजे सर्व्हर बंद न करता त्याला फाइल पुन्हा वाचायला सांगितलं, ‘ट्रू’ असं उत्तर आलं, म्हणून काम झालं असं समजून माणूस घरी जातो. बदल मात्र पुढे कित्येक दिवस फाइलमध्येच पडून राहतो.

दोन्ही प्रकारांत नुकसान झालेलं मी पाहिलं आहे, आणि दोन्ही टाळता येतात. त्यासाठी पाठांतर लागत नाही. कुठली सेटिंग कधी लागू होते हे सर्व्हर स्वतःच सांगतो, फक्त त्याला विचारायची सवय लागायला हवी. इथे मी पोस्टग्रेसक्यूएल धरून लिहितो आहे. आज्ञा आणि सेटिंग्जची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.

सर्व्हर फाइल वाचतो तरी कधी?

दोनदाच वाचतो. एकदा सुरू होताना, आणि नंतर तुम्ही ‘पुन्हा वाच’ असा इशारा द्याल तेव्हा. मधल्या काळात तुम्ही त्या फाइलमध्ये काय वाटेल ते लिहा, चालू सर्व्हरला त्याचा पत्ता नसतो.

आता आतली रचना थोडी समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. पोस्टग्रेस सुरू होताना आधी एक मूळ प्रोसेस उभी राहते, तिला पोस्टमास्टर म्हणतात. प्रत्येक नव्या कनेक्शनसाठी ती स्वतःची एक नवी प्रोसेस काढून देते; तिला बॅकएंड म्हणतात. शंभर लोक जोडले गेले की शंभर बॅकएंड. या सगळ्यांना मिळून वापरायला जी सामाईक मेमरी लागते, ती पोस्टमास्टर सुरुवातीलाच एकदम घेऊन ठेवतो. शेअर्ड_बफर्स (मूळ किंमत १२८ एमबी) ही त्यातली सर्वांत मोठी जागा. मॅक्स_कनेक्शन्स (मूळ किंमत १००) यावरून किती बॅकएंडच्या नोंदींसाठी जागा राखायची ते ठरतं. इमारतीचा पाया ओतून झाल्यावर खोल्यांची रुंदी बदलता येत नाही, तसंच हे. सगळ्या बॅकएंडनी ती मेमरी धरून ठेवलेली असताना तिचा आकार बदलता येत नाही. म्हणून अशा सेटिंग्जना रीस्टार्ट लागतोच.

वर्क_मेमचं तसं नाही. एखादी क्वेरी सॉर्ट करायला बसते तेव्हा तो बॅकएंड आपल्यापुरती मेमरी मागतो, आणि किती मागायची हे वर्क_मेमवरून ठरवतो. त्यात सामाईक काहीच नाही. त्यामुळे वर्क_मेम कधीही बदलता येते, अगदी एका सेशनपुरती, म्हणजे एक कनेक्शन जोडल्यापासून तुटेपर्यंत, सुद्धा. हा फरक एकदा डोक्यात बसला की नवी सेटिंग समोर आल्यावर बऱ्याचदा अंदाजानेच सांगता येतं की हिला रीस्टार्ट लागेल की नाही. अंदाज आल्यावरही तपासायचं मात्र सोडू नका.

पायरी पहिली: बदल करण्याआधी सर्व्हरला विचारा

पीजी_सेटिंग्ज नावाचा एक व्ह्यू, म्हणजे टेबलासारखा वाचता येणारा तक्ता, आहे. त्यात प्रत्येक सेटिंगची एक ओळ असते. पीएसक्यूएल (पोस्टग्रेसला आज्ञा द्यायचा टर्मिनलवरचा प्रोग्रॅम) उघडा आणि विचारा:

सिलेक्ट नेम, सेटिंग, युनिट, कॉन्टेक्स्ट, सोर्स, पेंडिंग_रीस्टार्ट फ्रॉम पीजी_सेटिंग्ज व्हेअर नेम = 'वर्क_मेम';

नव्या सर्व्हरवर उत्तरात सेटिंगच्या रकान्यात ४०९६ आणि युनिटच्या रकान्यात केबी दिसेल, म्हणजे ४ एमबी. शेअर्ड_बफर्स विचारलंत तर १६३८४ दिसेल आणि युनिट ८केबी. कारण ती किंमत ८ केबीच्या पानांमध्ये मोजली जाते. गुणाकार केला की १२८ एमबी येतात. या आकड्यांनी गोंधळ होत असेल तर ‘शो वर्क_मेम;’ म्हणा, सर्व्हर सरळ ‘४एमबी’ असं सांगतो.

आपल्या कामाचा खरा रकाना कॉन्टेक्स्ट. त्यात सातांपैकी एक शब्द असतो.

‘इंटर्नल’ असेल तर हात लावायचा नाही. ब्लॉक_साइझसारख्या या गोष्टी सर्व्हर बांधताना किंवा डेटाबेसची डिरेक्टरी तयार करताना ठरलेल्या असतात.

‘पोस्टमास्टर’ म्हणजे रीस्टार्टशिवाय गत्यंतर नाही. शेअर्ड_बफर्स, मॅक्स_कनेक्शन्स, पोर्ट, लिसन_अ‍ॅड्रेसेस, वॉल_लेव्हल, आर्काइव्ह_मोड, शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीज या सगळ्या इथल्या. शेवटची लक्षात ठेवा, कारण कुठली क्वेरी किती वेळ खाते हे पाहण्यासाठी पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स हे एक्स्टेन्शन बसवायचं झालं तर त्याचं नाव याच सेटिंगमध्ये घालावं लागतं. म्हणून नवा सर्व्हर उभा करतानाच ते घालून टाकावं. पुढे गरज पडेल तेव्हा सर्व्हर नेमका अडचणीत असेल आणि रीस्टार्टला कोणी परवानगी देणार नाही.

‘सिगहप’ म्हणजे रीलोड पुरतो, पण ही सेटिंग एखाद्या सेशनपुरती बदलता येत नाही. बदलली तर सगळ्यांसाठी. चेकपॉइंट_टाइमआउट (मूळ ५ मिनिटं), मॅक्स_वॉल_साइझ (मूळ १ जीबी), ऑटोव्हॅक्यूम_नॅपटाइम, आर्काइव्ह_कमांड, लॉग_लाइन_प्रीफिक्स या इथल्या. नाव थोडं विचित्र आहे. टर्मिनल टेलिफोनच्या तारेवरून जोडलेले असायचे त्या काळात लाइन तुटली की प्रोग्रॅमला हा ‘हँग अप’ सिग्नल मिळायचा. मागे चालणाऱ्या सर्व्हर प्रोग्रॅमना टर्मिनलच नसतं, म्हणून युनिक्समध्ये तोच सिग्नल ‘सेटिंग्ज पुन्हा वाच’ या अर्थाने वापरायची रीत पडली.

‘बॅकएंड’ आणि ‘सुपरयूजर-बॅकएंड’ म्हणजे रीलोड पुरतो, पण नवी किंमत फक्त त्यानंतर जोडल्या जाणाऱ्या सेशन्सना मिळते. लॉग_डिसकनेक्शन्स हे चांगलं उदाहरण. ती चालू करून रीलोड केलात तरी आधीपासून जोडलेली कनेक्शनं तुटतील तेव्हा लॉगमध्ये ओळ येणार नाही.

‘यूजर’ आणि ‘सुपरयूजर’ सर्वांत लवचीक. वर्क_मेम, स्टेटमेंट_टाइमआउट, सर्च_पाथ, रँडम_पेज_कॉस्ट या यूजर गटातल्या. लॉग_मिन_ड्युरेशन_स्टेटमेंट सुपरयूजर गटातली, म्हणजे सेशनमध्ये बदलायला तसे अधिकार लागतात. फाइलमधून बदलून रीलोड केला तर चालू सेशन्सनाही या नव्या किमती मिळतात. मात्र त्या सेशनने स्वतःहून काही वेगळं ठरवलेलं नसेल तरच. याबद्दल पुढे.

कुठली सेटिंग कुठल्या गटात हे आवृत्तीगणिक बदलतं, म्हणून इंटरनेटवरच्या जुन्या यादीवर विसंबू नका. एसएसएल ही सेटिंग आवृत्ती १० पासून (२०१७) रीलोडने बदलता येऊ लागली, म्हणजे प्रमाणपत्र नवं केलं की रीस्टार्टची गरज उरली नाही. प्रायमरी_कॉनइन्फो, म्हणजे स्टँडबाय सर्व्हरने (मुख्य सर्व्हरची प्रत ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरने) मुख्य सर्व्हर कुठे शोधायचा ते, आवृत्ती १३ पासून (२०२०). ऑटोव्हॅक्यूम_मॅक्स_वर्कर्स तर आवृत्ती १८ मध्ये (२०२५). तुमचा सर्व्हर कुठल्या आवृत्तीचा आहे त्यानुसार उत्तर बदलेल, आणि ते उत्तर त्या सर्व्हरच्याच पीजी_सेटिंग्जमध्ये असतं.

पायरी दुसरी: बदल लिहा, पण कुठे?

फाइल कुठे आहे हे शोधत बसू नका, ‘शो कॉन्फिग_फाइल;’ म्हणा. डेबियन आणि उबंटूवर ती एटसीच्या खाली आवृत्तीच्या आकड्यानुसार असते. रेडहॅट घराण्यात बहुधा डेटा डिरेक्टरीतच.

दुसरा मार्ग आवृत्ती ९.४ पासून (२०१४) मिळाला:

आल्टर सिस्टम सेट वर्क_मेम = '१६एमबी';

ही आज्ञा तुमची फाइल बदलत नाही. ती डेटा डिरेक्टरीतल्या पोस्टग्रेसक्यूएल.ऑटो.कॉन्फ या दुसऱ्या फाइलमध्ये ओळ लिहिते. सर्व्हर ही फाइल सर्वांत शेवटी वाचतो, त्यामुळे दोन्हीकडे एकच सेटिंग असेल तर ऑटोवालीचं म्हणणं चालतं. आणि आल्टर सिस्टम म्हटल्याने बदल लागू होत नाही. रीलोड किंवा रीस्टार्ट तुम्हालाच करायचा असतो. नवे लोक इथे हमखास फसतात, कारण आज्ञा दिल्यावर पीएसक्यूएल काहीही कुरकुर न करता पुढे जातं.

माझी एक संध्याकाळ यातच गेली आहे. एका संस्थेच्या सर्व्हरवर चेकपॉइंट (मेमरीतले बदल डिस्कवर लिहून टाकण्याचं काम) फार लवकर लवकर होत होते, म्हणून मॅक्स_वॉल_साइझ वाढवायची होती. मी फाइलमध्ये ४ जीबी लिहिलं, रीलोड केला, ‘शो’ म्हटलं तर २ जीबी. पुन्हा लिहिलं, पुन्हा २ जीबी. फाइलचे अधिकार तपासले, आपण चुकीच्या सर्व्हरवर तर नाही ना हेही पाहून झालं. शेवटी पीजी_सेटिंग्जमधले सोर्सफाइल आणि सोर्सलाइन हे रकाने काढले. ऑटो.कॉन्फ, ओळ तिसरी. माझ्या आधी ते काम पाहणाऱ्या कोणीतरी आल्टर सिस्टमने २ जीबी करून ठेवलं होतं. ‘आल्टर सिस्टम रीसेट मॅक्स_वॉल_साइझ;’ म्हटलं, रीलोड केला, आणि ४ जीबी दिसले. तेव्हापासून आकडा बघायच्या आधी मी हे दोन रकाने बघतो.

माझा सल्ला असा की दोन्हींपैकी एकच मार्ग ठरवा आणि सगळ्या टीमने तोच पाळावा. ज्यांच्या सेटिंग्ज गिटमध्ये ठेवलेल्या असतात त्यांनी फाइलच वापरावी आणि आल्टर सिस्टमला हात लावू नये. आवृत्ती १७ मध्ये तर अलाउ_आल्टर_सिस्टम ही सेटिंग आली आहे, ती बंद केली की ही आज्ञा चालतच नाही.

एकाच फाइलमध्ये तीच सेटिंग दोनदा लिहिलेली असेल तर खालची ओळ चालते. मधेच बदल करून ‘लागूच होत नाही’ म्हणणाऱ्यांनी फाइलच्या तळाशी जाऊन बघावं. सर्व्हर बसवणाऱ्या स्क्रिप्ट शेवटी आपल्या ओळी चिकटवून गेलेल्या असतात.

आता एककांबद्दल, कारण ही चूक दिसत नाही पण महागात पडते. वर्क_मेम = ६४ असं नुसतं लिहिलं तर त्याचा अर्थ ६४ एमबी होत नाही. या सेटिंगला एकक लिहिलं नाही तर सर्व्हर केबी धरतो, आणि ६४ केबी ही वर्क_मेमची सर्वांत लहान परवानगी असलेली किंमत आहे. म्हणजे सर्व्हर तक्रारही करणार नाही. मेमरी वाढवायला गेलात आणि प्रत्यक्षात ४ एमबीवरून ६४ केबीवर आणलीत. जवळपास सगळे सॉर्ट डिस्कवर जातील. एककाची अक्षरंही काटेकोर लिहावी लागतात: एमबीची दोन्ही अक्षरं कॅपिटल, केबीमधलं पहिलं लहान आणि दुसरं कॅपिटल. लहान अक्षरांतला एमबी सर्व्हर स्वीकारत नाही. मिनिटांसाठी तीन अक्षरांचं ‘मिन’ लिहायचं, एकटं ‘एम’ चालत नाही.

पायरी तिसरी: रीलोडच्या आधी फाइल तपासा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि तीच मला सगळ्यांत मोलाची वाटते. आवृत्ती ९.५ पासून पीजी_फाइल_सेटिंग्ज हा व्ह्यू आहे. पीजी_सेटिंग्ज सांगतो सर्व्हर आत्ता काय मानतो ते. पीजी_फाइल_सेटिंग्ज सांगतो फाइलमध्ये या क्षणी काय लिहिलेलं आहे ते, आणि ते चालण्यासारखं आहे का तेही.

सिलेक्ट सोर्सफाइल, सोर्सलाइन, नेम, सेटिंग, अ‍ॅप्लाइड, एरर फ्रॉम पीजी_फाइल_सेटिंग्ज;

अ‍ॅप्लाइडमध्ये ‘एफ’ (फॉल्स) आणि एररमध्ये काही मजकूर दिसला तर तिथे अडचण आहे. कुठल्याच ओळीत एरर नसेल आणि तरी अ‍ॅप्लाइड ‘एफ’ असेल तर तीच सेटिंग पुढे कुठेतरी पुन्हा लिहिलेली आहे, आणि खालची ओळ जिंकते आहे. रीस्टार्ट लागणारी सेटिंग बदललेली असेल तर ती ‘लागू करता आली नाही’ अशा अर्थाच्या शेऱ्यासह दिसते. म्हणजे रीलोड करण्याच्या आधीच तुम्हाला कळतं की या बदलाला रीलोड पुरणार नाही.

फाइलमध्ये चूक राहिली तर काय होतं, ते चुकीवर अवलंबून असतं. अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलं, किंवा सेटिंगचं नावच चुकलं, तर रीलोडच्या वेळी सर्व्हर अख्खी फाइल बाजूला ठेवतो आणि जुन्याच किमतींवर चालत राहतो. त्यामुळे तुमचे बाकीचे दहा बरोबर बदलही लागू होत नाहीत. नाव बरोबर पण किंमत चुकीची असेल तर तेवढी एक सोडून बाकीच्या लागू होतात. चालू सर्व्हर या दोन्ही वेळी बंद पडत नाही, हा दिलासा. पण तीच फाइल घेऊन सर्व्हर रीस्टार्ट केलात तर तो उठणारच नाही.

पायरी चौथी: रीलोड

तीन प्रकारे करता येतो, परिणाम एकच. पीएसक्यूएलमधून ‘सिलेक्ट पीजी_रीलोड_कॉन्फ();’, किंवा शेलमधून ‘पीजी_सीटीएल रीलोड’, किंवा ‘सिस्टमसीटीएल रीलोड पोस्टग्रेसक्यूएल’. शेवटच्या आज्ञेत रीलोडऐवजी रीस्टार्ट टाइप होऊ देऊ नका. एंटर दाबण्याआधी ओळ एकदा मोठ्याने वाचा, खरंच.

पीजी_रीलोड_कॉन्फने ‘टी’ (ट्रू) दिलं याचा अर्थ इशारा पोचवला, एवढाच. फाइल बरोबर होती की नाही, बदल लागला की नाही, याबद्दल ते काहीच सांगत नाही. ते लॉगमध्ये असतं. रीलोडनंतर लगेच लॉगच्या शेवटच्या ओळी बघा. ‘अमुक पॅरामीटर तमुक किमतीला बदलला’ अशी ओळ हवी. ‘सर्व्हर रीस्टार्ट केल्याशिवाय बदलता येणार नाही’ अशी ओळ आली तर पुढची पायरी रीस्टार्टची. ‘फाइलमध्ये चुका आहेत, कुठलेही बदल लागू केले नाहीत’ असं असेल तर तिसऱ्या पायरीवर परत.

इशारा मिळाल्यावर पोस्टमास्टर स्वतः फाइल वाचतो आणि सगळ्या बॅकएंडनाही तोच इशारा देतो. बॅकएंड मात्र हातातली आज्ञा अर्धवट टाकून फाइल वाचायला जात नाही. चालू क्वेरी संपते, पुढची आज्ञा येते, तेव्हा ती घेण्याआधी तो नव्या किमती उचलतो. म्हणून दोन तास चालणारा रिपोर्ट सुरू असताना तुम्ही वर्क_मेम वाढवलीत तर त्या रिपोर्टला काही मिळणार नाही, पुढच्याला मिळेल. रीलोड केल्यावर त्याच क्षणी ‘शो’ म्हणून जुनी किंमत दिसली तरी घाबरू नका, क्षणभर थांबून पुन्हा विचारा.

ओळीपुढे हॅश लावून ती काढून टाकली आणि रीलोड केला तर सेटिंग तिच्या मूळ किमतीवर परत जाते. ‘मी तर फक्त कॉमेंट केली’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पीजी_एचबीए.कॉन्फ, म्हणजे कोणाला कुठून आत घ्यायचं ते ठरवणारी फाइल, तीही रीलोडनेच लागू होते. तिचा परिणाम फक्त नव्याने येणाऱ्यांवर होतो. एखाद्याचा प्रवेश बंद केलात तरी तो आत बसलेला असेल तर तसाच बसून राहतो. त्याला पीजी_टर्मिनेट_बॅकएंडने उठवावं लागतं. या फाइलसाठीही आवृत्ती १० पासून पीजी_एचबीए_फाइल_रूल्स हा तपासणीचा व्ह्यू आहे.

पायरी पाचवी: ज्याला बदल हवा होता त्याच्याकडे तो पोचला का?

तुमच्या पीएसक्यूएलमध्ये नवी किंमत दिसली म्हणजे अ‍ॅप्लिकेशनलाही तीच मिळाली असं समजू नका. फाइलच्या वर आणखी थर असतात. ‘आल्टर डेटाबेस ... सेट’ हे फाइलवर मात करतं. ‘आल्टर रोल ... सेट’ त्यावर (रोल म्हणजे लॉगिन करणारा डेटाबेसचा वापरकर्ता). ‘आल्टर रोल ... इन डेटाबेस ... सेट’ त्याहून वर. त्यावर कनेक्शन करतानाच क्लायंटने पाठवलेल्या किमती, आणि सर्वांत वर सेशनमध्ये दिलेली ‘सेट’ ही आज्ञा. वरच्या थराने काही ठरवलं असेल तर खालच्या फाइलमध्ये कितीही बदल करा, त्या सेशनला फरक पडत नाही. पीएसक्यूएलमध्ये बॅकस्लॅश डीआरडीएस म्हटलं की रोल आणि डेटाबेसला चिकटवलेल्या सगळ्या सेटिंग्जची यादी मिळते.

रोलवर लावलेली सेटिंग लॉगिनच्या क्षणी एकदाच लागते. आधीपासून जोडलेल्यांना ती मिळत नाही, त्याला रीलोडही उपयोगी नाही. आणि आत आल्यावर ‘सेट रोल’ने दुसरा रोल घेतला तर त्या दुसऱ्या रोलच्या सेटिंग्ज सोबत येत नाहीत.

याचा चटका बसतो कनेक्शन पूल असेल तिथे, म्हणजे उघडून ठेवलेली थोडी कनेक्शनं अनेक क्लायंटना आळीपाळीने दिली जातात तिथे. समजा रिपोर्टवाल्या रोलला तुम्ही स्टेटमेंट_टाइमआउट ३० सेकंद लावला. अ‍ॅप्लिकेशनचे लोक म्हणतात, क्वेरी अजून पाच मिनिटं चालतात. कारण पीजीबाउन्सर हा पूल सांभाळणारा प्रोग्रॅम आधी उघडलेली कनेक्शनं फिरवून फिरवून वापरतो. त्याच्या दृष्टीने क्लायंट नवा असला तरी पोस्टग्रेसच्या दृष्टीने लॉगिन जुनंच. पीजीबाउन्सरची सर्व्हर_लाइफटाइम मुळात ३६०० सेकंद असते, म्हणजे जुनी कनेक्शनं तासाभरात हळूहळू बदलतात. वाट बघायची नसेल तर त्याच्या अ‍ॅडमिन कन्सोलवर ‘रीकनेक्ट’ म्हणा. चालू कामं न तोडता तो मोकळी होतील तशी कनेक्शनं नव्याने जोडतो.

तात्पुरता बदल करून पाहायचा असेल तर ‘सेट लोकल’ वापरा. तो चालू ट्रान्झॅक्शन (एकत्र पूर्ण किंवा रद्द होणाऱ्या आज्ञांचा गट) संपला की आपोआप जातो. नुसतं ‘सेट’ सेशन संपेपर्यंत राहतं. पीजीबाउन्सर ट्रान्झॅक्शन मोडमध्ये असेल, म्हणजे प्रत्येक ट्रान्झॅक्शननंतर कनेक्शन दुसऱ्या क्लायंटला देत असेल, तर त्या ‘सेट’मुळे तुमची किंमत दुसऱ्याच कोणाच्या पदरात पडू शकते, म्हणून तिथे नुसतं ‘सेट’ नकोच.

डॉकरवाल्यांसाठी एक गोष्ट. कंटेनर सुरू करतानाच्या आज्ञेत उणे सी लावून सेटिंग दिलेली असेल तर फाइल आणि आल्टर सिस्टम दोन्ही तिच्यापुढे निष्प्रभ. सोर्सच्या रकान्यात ‘कमांड लाइन’ दिसलं की कंपोज फाइल उघडा.

पायरी सहावी: रीस्टार्ट लागणारच असेल तर

पीजी_सेटिंग्जमधला पेंडिंग_रीस्टार्ट हा रकाना ‘ट्रू’ असेल तर फाइलमधली किंमत वेगळी आहे आणि ती पुढच्या रीस्टार्टची वाट बघते आहे. अशी लटकलेली सेटिंग सर्व्हरवर ठेवून जाऊ नका. एका ठिकाणी मोठं मशीन येणार म्हणून कोणीतरी शेअर्ड_बफर्स १६ जीबी लिहून, रीलोड करून ठेवलं होतं. मशीन आलंच नाही. जुन्या मशीनमध्ये रॅम ८ जीबी. चार महिन्यांनी ऑपरेटिंग सिस्टमच्या अपडेटसाठी ते रीबूट झालं आणि पोस्टग्रेस उठेना. लॉगमध्ये सामाईक मेमरी मिळाली नाही अशी ओळ. ते लिहिणारा माणूस तोवर नोकरी सोडून गेला होता; रात्रपाळीवर जी मुलगी होती तिला कोणी काय कधी बदललं याची काहीच कल्पना नव्हती. तिचा चेहरा मला आजही आठवतो. दर आठवड्याला ही एक ओळ चालवली असती तर ते टळलं असतं:

सिलेक्ट नेम, सेटिंग फ्रॉम पीजी_सेटिंग्ज व्हेअर पेंडिंग_रीस्टार्ट;

रीस्टार्टची वेळ ठरली की आधी पीजी_फाइल_सेटिंग्ज पुन्हा बघा. मग ‘चेकपॉइंट;’ ही आज्ञा हाताने चालवा. बंद होताना सर्व्हर एक चेकपॉइंट करतोच. मोठा भाग आधीच लिहून झाला असेल तर बंद होण्याचा वेळ बराच कमी होतो. पीजी_सीटीएल आवृत्ती ९.५ पासून मुळात ‘फास्ट’ पद्धतीने बंद करतं: चालू ट्रान्झॅक्शन रद्द होतात, कनेक्शनं तुटतात, पण डेटा नीट लिहून सर्व्हर थांबतो. घाईला आलात म्हणून ‘इमिजिएट’ वापरू नका, त्यात सर्व्हर पुढच्या वेळी उठताना क्रॅश झाल्यासारखी दुरुस्ती करत बसतो. उठल्यावर शेअर्ड_बफर्स रिकामे असतात, त्यामुळे पहिली काही मिनिटं सगळं मंद वाटेल. ते अपेक्षित आहे, लगेच दुसरा रीस्टार्ट करू नका.

स्टँडबाय असेल तर क्रम पाळावा लागतो. मॅक्स_कनेक्शन्स, मॅक्स_वर्कर_प्रोसेसेस, मॅक्स_वॉल_सेंडर्स, मॅक्स_प्रिपेअर्ड_ट्रान्झॅक्शन्स आणि मॅक्स_लॉक्स_पर_ट्रान्झॅक्शन या पाच किमती स्टँडबायवर मुख्य सर्व्हरपेक्षा कमी असून चालत नाहीत. वाढवताना आधी स्टँडबाय, मग मुख्य. कमी करताना उलट.

सर्व्हर उठलाच नाही तर ऑटो.कॉन्फमधली चुकीची ओळ हाताने काढा. एरवी ती फाइल हाताने बदलायची नसते, पण सर्व्हर बंद असताना दुसरा सोपा मार्ग नाही. ओळ काढल्यावर सर्व्हर न उठवताच ‘पोस्टग्रेस उणे कॅपिटल सी शेअर्ड_बफर्स’ ही आज्ञा डेटा डिरेक्टरीच्या पत्त्यासह चालवली तर फाइल वाचून होणारी किंमत छापली जाते, आणि फाइलमध्ये चूक उरली असेल तर ती तिथेच कळते.

क्लाउडवर आणि मायएसक्यूएलवर

अ‍ॅमेझॉनच्या आरडीएससारख्या सेवेत तुम्हाला फाइल दिसत नाही आणि आल्टर सिस्टम चालत नाही. त्याच्या जागी पॅरामीटर ग्रुप असतो. त्यात प्रत्येक सेटिंगपुढे ‘डायनॅमिक’ की ‘स्टॅटिक’ हे लिहिलेलं असतं. स्टॅटिक बदलली की रीबूट होईपर्यंत ती लटकलेली राहते. पीएसक्यूएलमधून पीजी_सेटिंग्ज तिथेही वाचता येतो, तेव्हा खात्री तिथूनच करा.

मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसची तऱ्हा वेगळी. तिथे माय.सीएनएफ ही फाइल सर्व्हर सुरू होतानाच वाचली जाते, ती पुन्हा वाचायला लावणारा रीलोड नाही. चालू सर्व्हरवर ‘सेट ग्लोबल’ म्हणायचं. ते लगेच लागतं पण रीस्टार्टनंतर विसरलं जातं. टिकवायचं असेल तर आवृत्ती ८.० पासून ‘सेट पर्सिस्ट’ आहे. वेट_टाइमआउटसारख्या ज्या सेटिंग्ज प्रत्येक सेशनची वेगळी प्रत ठेवतात, त्यांची ग्लोबल किंमत बदलली तरी आधीच जोडलेल्या सेशन्सना जुनीच राहते. पोस्टग्रेसवरून तिकडे गेलेला माणूस इथेच चकतो, कारण पोस्टग्रेसमध्ये रीलोडने चालू सेशनही बदलतं. आणि इनोडीबी_बफर_पूल_साइझ, म्हणजे शेअर्ड_बफर्सची तिकडची बहीण, ती मायएसक्यूएलमध्ये ५.७ पासून चालू सर्व्हरवरच लहानमोठी करता येते.